कोठीघराच्या किल्ल्या

या सदरांत आजवर गृहव्यवस्थेच्या ज्या गोष्टींची चर्चा झाली त्यांत हिशेबाच्या वह्या होत्या, औषधांची पेटी होती, मुलांचा अभ्यास होता आणि वृद्धांची शुश्रूषाही होती. घरांतील संगणक हा विषय मात्र तरुण मंडळींचा, असें समजून मीं तो आजपर्यंत बाजूस ठेविला होता. परंतु गेल्या हिवाळ्यांत आमच्या वाशीमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, हा विषय तरुणांच्या खोलींतून उठून थेट माजघरांत येऊन बसला. तो प्रसंग, आणि त्यापासून मिळालेला धडा, वाचकांपुढें ठेवण्याचें आज योजिलें आहे. धडा महागांत पडला असता; थोडक्यांत निभावलें म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

आमच्या घरीं २०१५ सालीं घेतलेला एक संगणक आहे. आमच्या वहिनी गेलीं तीन वर्षें त्यावर घराण्याचा कुलवृत्तान्त उतरवून घेत आहेत. कैलासवासी दादांनीं आयुष्यभर जमविलेलीं टिपणें, जन्मपत्रिका, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतून लिहून आणलेले उतारे, असा तो सारा संभार. कागद पिवळे पडले, शाई उडूं लागली, तेव्हां वहिनींनीं साठीच्या पुढें टंकलेखन शिकून हें काम अंगावर घेतलें. दादांच्या मागें त्यांचें मन ज्यांत रमतें असें तें एकच काम आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे.

अशांत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसामान्य आधार थांबविला. याचा अर्थ यंत्र दुसऱ्या दिवशीं बंद पडलें असा नव्हे. पण त्यांतील छिद्रें बुजविण्याची नेहमींची व्यवस्था संपली. पुढच्या विंडोज ११ ला जी सामग्री लागते ती आमच्या जुन्या यंत्रांत नव्हती. चालतें यंत्र टाकून नवें घ्यावें, कीं त्याच यंत्रावर दुसरी एखादी प्रणाली बसवावी, असा प्रश्न पडला. दिवाळीस पुण्याहून आलेल्या आमच्या पुतण्यानें तो सोडविला. त्यानें त्यावर डेबियन नांवाची मुक्त प्रणाली बसविली. बसवितांना भाषांची यादी आली, तींत मराठीही होती. तें पाहून वहिनींचा अर्धा विरोध तेथेंच मावळला. परत जातांना त्यानें एका चिठ्ठीवर परवलीचा शब्द लिहून माझ्या हातीं दिला आणि म्हणाला, "काका, ह्या कोठीघराच्या किल्ल्या समजा. या शब्दानें यंत्रांत कांहींही आणतां येतें आणि कांहींही बाहेर टाकतां येतें." मीं चिठ्ठी खिशांत घातली. त्या वाक्याचा उत्तरार्ध मात्र कानाआड केला.

मुक्त प्रणाली म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जिची घडण कोणासही पाहतां यावी, बदलतां यावी आणि दुसऱ्यास देतां यावी, अशी ती प्रणाली. या विचाराची मुहूर्तमेढ अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं रोविली; १९९१ सालीं फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स हा तिचा गाभा तयार केला; आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजीं इयन मर्डॉक यांनीं डेबियनची घोषणा केली. हें नांव त्यांनीं आपलें आणि आपल्या भावी पत्नीचें, डेब्रा हिचें, नांव जोडून बनविलें, ही गोष्ट आमच्या घरांतील स्त्रीवर्गास फार आवडली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेली 'बॉस' ही प्रणाली याच डेबियनवर उभारलेली आहे. तेव्हां ही वस्तु आपल्यास अगदींच परकी आहे असें नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. विंडोजच्या यंत्रावर आपल्यास एखादें साधन हवें झालें कीं, आपण इंटरनेटवर शोध घेतों, जेथें मिळेल तेथून तें उतरवून घेतों आणि 'पुढें, पुढें' अशी बटनें दाबीत सुटतों. ही बाजारची रीत झाली. डेबियनची रीत कोठीघराची आहे. तिचें एक भांडार असतें, आणि तेथें प्रत्येक साधन बांधून, तपासून, नांवनिशी लावून ठेविलेलें असतें. अशा बांधलेल्या गाठोड्यास पॅकेज म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या तेराव्या आवृत्तींत अशीं ६९,००० हून अधिक पॅकेजें आहेत. मराठी लिहिण्याची सोय त्यांत आहे. लोहित हा देवनागरी टंकही आहे. तो रेड हॅट कंपनीनें मुक्त केला, आणि तिच्या पुण्याच्या कचेरींतील अभियंत्यांनीं पुढें त्याची निगा राखिली. भांडारांतील यादीवर डेबियनचा गुप्तलिपींतील शिक्का असतो. यंत्र माल घेण्यापूर्वीं तो शिक्का पडताळतें. वाटेंत कोणी गाठोडें उसवलें असेल तर शिक्का जुळत नाहीं आणि माल नाकारला जातो.

एकेका पॅकेजास दुसऱ्यांची गरज लागते. पुरणपोळी करावयाची म्हटलें कीं हरभऱ्याची डाळ, गूळ आणि कणीक यांवांचून चालतच नाहीं. कटाची आमटी असावी हें बरें. आणि ज्यास हवें त्यानें दूध घ्यावें. डेबियनमध्यें नेमके हेच तीन प्रकार आहेत. कांहीं गोष्टी अत्यावश्यक, कांहीं शिफारस केलेल्या, कांहीं केवळ सुचविलेल्या. आपण एक नांव सांगावें. ॲप्ट नांवाचा कारभारी पहिल्या दोन प्रकारच्या गोष्टी आपण होऊन आणतो आणि तिसऱ्या आपल्या मर्जीवर सोडतो. हा कारभारी १९९९ सालच्या आवृत्तीपासून डेबियनच्या सेवेस आहे. त्यापूर्वीं ही सारी जुळणी माणसास बरीचशी स्वतःच करावी लागे.

कोण आमंत्रणानें आला आणि कोण पाहुण्यासोबत आला, याचीही नोंद हा कारभारी ठेवितो. मूळ पाहुणा गेला कीं त्याच्यासोबत आलेल्यांचें आतां घरांत काम उरलें नाहीं, असें तो सांगतो आणि 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा दिल्यास त्यांस निरोप देतो. व्यवस्था उत्तम आहे. पण सोबत आलेल्यांपैकीं एखाद्यास आपण घरचाच मानूं लागलों असलों, तर त्यास निरोप देण्यापूर्वीं यादी वाचावी लागते.

नवख्याचा पहिला गोंधळ होतो तो 'अपडेट' आणि 'अपग्रेड' या दोन आज्ञांविषयीं. माझाही झाला. यास आमच्या जिल्ह्यांतलाच दाखला देतों. कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारें प्रसिद्ध आहेत. तेथील अपभ्रंश भाषेचे ग्रंथ शतकानुशतकें जागच्या जागीं होते. परंतु रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील हस्तलिखितांची सूची १९२६ सालीं नागपुरास छापून काढली, तेव्हां कोठें बाहेरच्या विद्वानांस त्यांची नीट वार्ता लागली. त्यानंतर डॉ. हिरालाल जैन प्रभृतींनीं त्यांतील ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. सूची छापणें हें एक काम आणि ग्रंथ हातीं घेणें हें दुसरें. तसेंच येथें. 'ॲप्ट अपडेट' म्हटल्यानें भांडाराची ताजी सूची तेवढी आपल्याकडे येते. यंत्रांतील एक काडीही हलत नाहीं. 'ॲप्ट अपग्रेड' म्हटल्यावर त्या सूचीप्रमाणें नवा माल येतो. सूची ताजी न करितां माल मागितला तर यंत्र जुन्याच यादीवरून चालतें आणि मग 'ही वस्तु सांपडत नाहीं' म्हणून तक्रार करितें. 'अपग्रेड' ही आज्ञा नवा माल आणते, पण घरांतलें कांहीं काढीत नाहीं. 'फुल-अपग्रेड' ही मात्र जरूर वाटल्यास काढूंही शकते. तसेंच 'रिमूव्ह' केल्यानें वस्तु जाते, पण तिची मांडणी मागें राहते. 'पर्ज' केल्यानें मांडणीही जाते.

हें सारें मला आज ठाऊक आहे. डिसेंबरांत नव्हतें.

संक्रांतीस आमचे भाऊबंद वाशीमास जमणार होते. त्यांच्या हातीं कुलवृत्तान्ताचीं पहिलीं चाळीस पृष्ठें छापून द्यावीं, अशी वहिनींची इच्छा होती. छपाईचें यंत्र घरांत होतें. पण नव्या प्रणालीशीं त्याची ओळख पटेना. पुतण्यास विचारावें, तर त्याची परीक्षा चाललेली. मीं विचार केला कीं, आपण आयुष्यभर मुलांस शिकविलें, आपल्यास एवढें जमूं नये काय? इंटरनेटवर एके ठिकाणीं उपाय सांपडला. भांडारांच्या यादींत अमुक एक ओळ वाढवावी, मग अमुक आज्ञा द्यावी, असें त्यांत लिहिलें होतें. ती ओळ दुसऱ्याच एका प्रणालीच्या भांडाराची होती, हें मला कळलें नाहीं. दोन्ही प्रणाली एकाच कुळींतल्या असल्या तरी दोन्हींचीं मापें निराळीं. एकीच्या पेटीस दुसरीचें झांकण बसत नाहीं. मीं ओळ वाढविली, आज्ञा दिली, परवलीचा शब्द घातला. यंत्रानें भली मोठी यादी पडद्यावर मांडली. कांहीं नांवें हिरव्या अक्षरांत होतीं, पुष्कळशीं तांबड्या अक्षरांत. खालीं प्रश्न होता कीं, पुढें जावें काय? चष्मा कपाळावर होता. मीं 'होय' म्हणून टाकिलें.

तांबडीं अक्षरें हीं काढून टाकावयाच्या वस्तूंचीं नांवें असतात.

यंत्र पुन्हां सुरू केलें तों पडद्यावर ना चित्र, ना खिडक्या, ना तें बोट दाखविणारें बाणाचें चिन्ह. काळी पाटी आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत नांव विचारणारी एक ओळ. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनीं पडद्याकडे पाहिलें. "भावजी, यांचीं टिपणें कोठें गेलीं?" एवढेंच त्यांनीं विचारलें. त्या कुलवृत्तान्ताचें नांवही घेत ना. 'यांचीं टिपणें' म्हणाल्या. मला उत्तर देतां येईना. मूळचे कागद होते हें खरें. पण त्यांतले कित्येक आतां हात लावितांच तुटत होते, आणि तीन वर्षांच्या त्या कामाची दुसरी प्रत आम्हीं केलेली नव्हती.

रात्रीं पुतण्यास दूरध्वनि केला. तो रागावला नाहीं. म्हणाला, "काका, आधीं आईचें घर शाबूत आहे कीं नाहीं तें पाहूं." या प्रणालींत प्रत्येक माणसाच्या कागदपत्रांसाठीं एक स्वतंत्र कप्पा असतो, त्याचें नांवच 'होम', म्हणजे घर. साधनें येतात आणि जातात तीं दुसऱ्या दालनांतून. पॅकेज काढल्यानें माणसाच्या घरांतील कागदास धक्का लागत नाहीं. त्यानें सांगितल्याप्रमाणें मीं काळ्या पाटीवर नांव आणि परवलीचा शब्द घातला, आणि दोन अक्षरांची एक आज्ञा दिली. त्या पाटीवर देवनागरी नीट उमटत नाहीं. सुदैवानें वहिनींनीं फाइलींस रोमन अक्षरांत नांवें दिलेलीं होतीं. एकामागून एक नांवें उमटलीं. वहिनींनीं बोट ठेवून मोजलीं. सदतीस प्रकरणें, सदतीसही जागेवर होतीं. त्या तेथेंच खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

पुढचें काम धीराचें होतें, अवघड नव्हतें. ॲप्ट हा कारभारी रोजकीर्द लिहितो. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या आज्ञेनें काय आलें आणि काय गेलें, हें सारें त्याच्या 'हिस्टरी' नांवाच्या कागदांत नोंदलेलें असतें. पुतण्यानें तो कागद उघडावयास लाविला. माझा अविचार तेथें मिनिटासेकंदासह लिहिलेला होता. आधीं ती परकी ओळ खोडली, सूची ताजी केली, मग रोजकीर्दींतलीं नांवें वाचून गेलेलीं पॅकेजें एकेक करून परत बोलाविलीं. परक्या भांडारांतून आलेल्या दोनतीन वस्तु डेबियनच्या आवृत्तीवर परत आणाव्या लागल्या. पहांटेस पडद्यावर चित्र आलें. आणि गंमत अशी कीं, छपाईचें यंत्र चालविण्यास जें साधन हवें होतें तें डेबियनच्या भांडारांत पहिल्यापासूनच होतें. मीं तेथें शोधलेंच नव्हतें. 'ॲप्ट सर्च' असें म्हणून एक शब्द दिला असता तर पांच मिनिटांचें काम होतें.

माझ्या समाधानासाठीं पुतण्यानें एक हकीकत सांगितली. २०२१ सालीं कॅनडांतील लायनस सेबॅस्टियन या नामांकित तंत्रसमीक्षकानें पॉप ओएस या प्रणालीवर 'स्टीम' नांवाचें खेळांचें साधन बसवावयास घेतलें. पॅकेजांच्या बांधणींतील दोषामुळें यंत्रानें पडदा चालविणारा सारा सरंजामच काढावयाचें ठरविलें, आणि तशी सूचनाही दिली. "होय, मी सांगतों तसें कर," हें वाक्य अक्षरशः लिहिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं, अशी त्यास अट घातली. त्यानें तें वाक्य लिहिलें, आणि त्याचाही पडदा काळा झाला. लाखों लोकांनीं तें पाहिलें. पुढें ॲप्टच्या कर्त्यांनीं अशा अत्यावश्यक वस्तु सहजासहजीं काढतां येऊं नयेत असा बंदोबस्त केला. म्हणजे दोष यंत्राचाही असतो. पण वाचल्यावांचून दिलेला होकार हा शेवटीं आपलाच.

येथें एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनांत येईल. भांडारावर एवढा विश्वास टाकावा, तर भांडारांतच कोणी विष कालविलें तर? तसा प्रयत्न झालेला आहे. 'एक्सझेड' नांवाचें एक लहानसें, सर्वत्र लागणारें साधन आहे. त्याच्या एकट्यादुकट्या रखवालदाराचा विश्वास एका टोपणनांवाच्या इसमानें दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून संपादिला, आणि २०२४ च्या प्रारंभीं त्यांत एक चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस आला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षांत आलें कीं, दूरच्या यंत्रांत शिरतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्यानें माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्वांस सावध केलें. डेबियनच्या चांचणीच्या दालनांपर्यंत तो माल पोहोंचला होता. गृहस्थांच्या नित्य उपयोगाच्या स्थिर दालनांत तो आला नव्हता. नवा माल आधीं चांचणींत मुरवावा आणि मगच कोठींत घ्यावा, या संथ रीतीस पुष्कळ लोक हंसतात. त्या वेळीं तीच रीत उपयोगास आली. कोठीस कडी असून भागत नाहीं. अर्ध्या सेकंदाचा फरक ज्यास खटकतो असें माणूसही लागतें.

आणि हीं माणसें कोण? डेबियनचे अधिकृत सभासद हजाराच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं जगभर पसरलेले साहाय्यक. बहुतेक सारे हें काम स्वेच्छेनें करितात. आपल्या साहित्य-संमेलनासारखें त्यांचेंही वार्षिक संमेलन भरतें. २०२३ च्या सप्टेंबरांत तें कोची येथें भरलें होतें. आपण ज्यांचें नांवही जाणत नाहीं त्यांनीं बांधलेलीं गाठोडीं आपल्या घरांत उघडलीं जातात. ऋषिऋण मानणाऱ्या आपल्या समाजास हें ऋण समजावून सांगण्याची गरज नाहीं. फेडण्याचा मार्गही मोकळा आहे. घरांतील इंग्रजी जाणणाऱ्या मुलामुलींनीं एखाद्या साधनाच्या सूचना मराठींत उतरवून दिल्या, तरी त्या फेडीचा एक हप्ता होतो.

आतां आमच्या घरीं जे नियम ठरले ते सांगतों. हवी ती वस्तु प्रथम भांडारांतच शोधावी. परक्या भांडाराची ओळ जाणत्यास विचारल्यावांचून वाढवूं नये. आठवड्यांतून एक वार ठरवून आधीं सूची आणि मग माल, या क्रमानें यंत्र ताजें करावें. वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळीं हें काम काढूं नये. शंका असेल तेथें आज्ञेस रंगीत तालमीची खूण जोडावी. मग यंत्र काय करणार तें नुसतें सांगतें, करीत कांहींच नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कुलवृत्तान्ताची एक प्रत दर शनिवारीं बाहेरच्या चकतीवर उतरवावी आणि एक पुण्यास पाठवावी. पॅकेज काढल्यानें घर शाबूत राहतें. पण यंत्राची चकतीच बिघडली तर घर आणि कोठी दोन्ही बुडतात. दुसरी प्रत न करणें हा आमचा दोष त्या रात्रीं झांकला गेला, एवढेंच.

संक्रांतीस चाळीस पृष्ठें छापून झालीं. तिळगूळ देतांना वहिनींनीं प्रत्येक भावकीच्या हातीं एकेक प्रत ठेविली. परवलीची चिठ्ठी मीं त्यांच्या स्वाधीन केली आहे; ती आतां कोठीच्या खऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याजवळ असते. रविवारीं सकाळीं मी आज्ञा लिहितों आणि त्या चष्मा लावून शेजारीं बसतात. यंत्र यादी मांडतें. त्या वरपासून खालपर्यंत सावकाश वाचतात, डाळ निवडावी तशा. मग म्हणतात, "तांबडें कांहीं नाहीं, भावजी. म्हणा आतां होय."